न मोजलेला घोट

आक्का,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढच्या मांडवात सगळे तुझ्याबद्दल बोलले. कुणी म्हणालं, आक्काच्या हाताला गुण होता. कुणी म्हणालं, आक्काने औषधाबद्दल कुणाकडून कधी नारळसुद्धा घेतला नाही. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, खिशातून कागद काढला आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाचा कंठ दाटला. तसं नव्हतं. माझ्या कागदावर आकडे होते आणि ते मांडवात कसे वाचायचे हे मला कळेना.

ते आता तुलाच सांगतो. तुला लिहितावाचता येत नव्हतं, पण आकडे ऐकून घ्यायची तुला सवय होती. मी सात वर्षांचा असताना आई गेली आणि तू मला तुझ्या सासरी, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत घेऊन आलीस. पाढे तूच म्हणून घ्यायचीस. तुला स्वतःला बाराच्या पुढे येत नव्हते. पण चुलीत लाकूड सारता सारता तू माझा आवाज ऐकायचीस आणि मी जरा अडखळलो की म्हणायचीस, "परत म्हण. चुकलास." सत्राचा पाढा न येणाऱ्या बाईने मला सत्राचा पाढा पक्का करून दिला. पुढे कारखान्यात माझ्या नोंदीत चूक सापडत नाही म्हणून साहेब कौतुक करायचे, तेव्हा मला तुझी चूल आठवायची.

त्याच चुलीवर काढ्याचा टोप असायचा. त्या वेलीचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं तर काही लोक ती औषध म्हणून शोधत जातील आणि काही विष म्हणून तोडून टाकतील. यातलं काहीच करायला सांगण्याइतके माझ्याकडे आकडे नाहीत. कंबर आखडली, गुडघे धरले, की त्या वेलीची साल उकळून साठ सीसीची वाटी, तीन सकाळी. एवढंच तुझं औषध. लावणीच्या दिवसांत बायका चिखलात वाकून वाकून यायच्या, चौथ्या दिवशी सरळ चालत जायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

आणि तुझ्या घरची ती रीत. ती तुझ्या सासूपासूनची. तिने एकदा वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला काढा दिला आणि तो त्याच आठवड्यात गेला. वयानेच गेला, पण गावात बोलणं सुरू झालं, यांच्या हातचं प्यायला आणि मेला. आपल्या हातचं पाणी न पिणाऱ्या लोकांनी औषध तेवढं प्यायचं, आणि काही झालं तर विष आपण घातलं म्हणायचं. पुढच्या वेळी कुणी आलं तेव्हा सासूने त्याच्यासमोर टोपातून एक घोट स्वतः घेतला. म्हणाली, "मी उभी हाय तवर तू पी." तेव्हापासून हा नियमच झाला. देणाऱ्याने आधी प्यायचं, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, प्रत्येकाच्या वेळी नव्याने. सासू गेल्यावर टोप तुझ्याकडे आला आणि नियमही आला. वरच्या आळीचे लोक घरून आपला पेला घेऊन यायचे. औषध तुझं, घोट तुझा, पेला त्यांचा. सासूच्या वेळेपासून मला या पेल्याचा राग यायचा. तू म्हणायचीस, "पेला त्यांचा असू दे रे. कंबर तरी सरळ होऊन जाऊ दे."

ही रीत मी चाळीस वर्षं पाहत आलो. पुढचं सगळं सांगताना हे वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचावं लागतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आले, मला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. प्राणीगृहातला नोंदी ठेवणारा मदतनीस. रोज सकाळी प्रत्येक उंदराचं वजन करायचं, वजनावरून मात्रा काढायची, टोकाला गुळगुळीत मणी असलेल्या वाकड्या सुईने ती तोंडावाटे पोटात सोडायची आणि खाणं, पाणी, चालणं, केस, सगळं लिहायचं. आमचे साहेब तेव्हा गावोगावची झाडपाल्याची औषधं तपासत होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काही आहे का? मी अभिमानाने तुझी साल घेऊन गेलो. तुझीच आण असं कुणी म्हटलं नव्हतं. मी आपणहून नेली.

तू साल बांधून देताना म्हणालीस, "तपास बाबा. एवढी माणसं पितात, मला पण कळू दे."

पहिली तपासणी एकाच मोठ्या मात्रेची. एकदाच भरपूर पाजायचं आणि चौदा दिवस पाहायचं. एकही उंदीर मेला नाही, एकाचं वजनही उतरलं नाही. मी शनिवारच्या एस.टी.ने धावत वर आलो.

"आक्का गो, पास झालीस!"

"कोण पास झालं?"

"तुझा काढा. माणसाच्या कितीतरी पट पाजला. काय सुद्धा झालं नाय उंदरांना."

तू टोपावरचं झाकण सारखं केलंस. "पण कंबर कुणाची धरली होती त्यांची?"

मी म्हणालो की गुण येतो का ते नंतर बघतात, आधी अपाय होतो का ते बघतात. हे तुला पटलं. "हे बरं हाय," म्हणालीस, "आमच्याकडं उलटं चालतं."

मग नव्वद दिवसांची तपासणी लागली. चाळीस उंदीर, दहा-दहाचे चार गट. एकाला नुसतं पाणी, बाकी तिघांना रोज थोडी, मध्यम आणि जास्त मात्रा. तुला ते बघायचं होतं. साहेबांना विचारून एका रविवारी मी तुला घेऊन गेलो. तू नवं लुगडं नेसून आलीस, दारात चपला काढल्यास, मी घाल म्हटलं तरी घातल्या नाहीस.

"एवढ्यांना नावं हायत काय?"

"नंबर हायत."

"नि पाठीला हळद कशाला?"

"हळद नाय गो. खुणेचा पिवळा रंग. डोक्याला ठिपका म्हंजे एक नंबर, पाठीला म्हंजे दोन, शेपटीला म्हंजे तीन."

तू एका पिंजऱ्यापाशी वाकलीस. "याला काय दुखतं?"

"काय नाय दुखत. निरोगीच घ्यावे लागतात."

"दुखत नाय नि रोज पाजतोस?"

"रोज. नव्वद दिवस."

"मंग हे माझ्यासारखेच की रे. दुखणं नाय नि काढा रोज."

मी हसलो. साहेबही हसले, म्हणाले, "तुमची बहीण गमतीदार आहे." तूही हसलीस. आक्का, ही नोंद मी केली नाही. ज्या माणसाने उंदराच्या शिंकेचीसुद्धा वेळ लिहून ठेवली, त्याने हे वाक्य विनोद म्हणून सोडून दिलं.

तू कडेच्या पिंजऱ्यांकडे बोट दाखवलंस. "हे दहा काय पितात?"

"पाणी."

"नुसतं पाणी पाजायला सुई कशाला?"

"हे दहा नसतील तर बाकीच्यांना जे होईल ते काढ्यानं झालं का आणखी कशानं, ते सांगता येत नाय."

हे तुला लगेच कळलं. मग तू विचारलंस, नव्वद दिवसांनी यांचं काय? मी खरं ते सांगितलं, मारून आत काय झालं ते बघतात. तू दारात येऊन चपला घातल्यास. एस.टी.ची वाट बघताना म्हणालीस, "तू घेतलास एक तरी घोट त्यांच्या आधी?"

"नियमात नाय ते."

"नियम कुणी केला? उंदरांनी?"

औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी कुणाच्या तरी पोटात जावं लागतं, एवढंच मला तेव्हा म्हणायचं होतं. ते कुणाचं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

नव्वद दिवसांनी निकाल आला. पाण्याचा आणि थोड्या मात्रेचा गट स्वच्छ. मध्यम मात्रेच्या दहांपैकी चौघांच्या यकृतावर फिकट डाग. जास्त मात्रेत दहांपैकी नऊ, त्यातले दोघे मुदतीआधीच गेले. यकृताचे काप काचपट्ट्यांवर तपासून मुंबईहून अहवाल आला, त्यातही तेच. साहेब म्हणाले, रोज दीर्घकाळ देण्याजोगं नाही. कंपनीने फाइल बंद केली. पुढे साहेबांची बदली झाली.

मी घाबरलो होतो, पण रोग्यांसाठी. रात्रंदिवस तोच हिशेब. रोगी तीन सकाळी पितो, वर्षातून फार तर दोनदा. म्हणजे सहा वाट्या. उंदरांच्या नव्वद दिवसांशी त्याची तुलनाच होत नव्हती. मी येऊन तुला नियम सांगितले: तीन सकाळींवर चौथी नाही, सहा महिन्यांत परत नाही, पोरांना आणि गरोदर बाईला मुळीच नाही. तू एकही प्रश्न न विचारता सगळं मान्य केलंस. कोण कधी येऊन गेलं हे लक्षात राहावं म्हणून मागच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढायला लागलीस, आळीवार. लोक चौथी वाटी मागायचे, तू म्हणायचीस, "नाय. माझा भाऊ वसाहतीत हाय, त्यानं मोजलंय."

त्याने मोजलंय. आक्का, मी सगळ्यांचं मोजलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, भाताची मळणी चालली होती. तू खळ्यावर उन्हात उभी होतीस आणि मला हाक मारायला वळलीस. तुझ्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं दिसलं. मी म्हटलं, ऊन असेल. सावलीत नेऊन पाहिलं. पिवळंच होतं. तू म्हणालीस, जेवण जात नाय थोडे दिवस, पाय जड होतात. तुझी सून सुनंदा म्हणाली, "मामा, आत्या दुपारची निजते आता. आधी कधी निजली नाय."

मी मागच्या भिंतीकडे गेलो होतो, हात धुवायला. समोर तुझ्या रेघा होत्या. एक रेघ म्हणजे एक रोगी, एक सकाळ. मी सवयीने मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. प्रत्येक रेघेला एक घोट. रेघा वेगवेगळ्या माणसांच्या होत्या. घोट सगळे एकाच बाईचे.

पुढच्या रविवारी मी मापाची काचेची नळी घेऊन आलो. तुला म्हटलं, काढा घेतेस तेवढंच पाणी तोंडात घे आणि यात सोड.

"काय रे हे? म्हातारीला चूळ भरायला लावतोस."

"भर गो."

तीनदा भरायला लावलं. सरासरी बारा सीसी. रेघांवरून दिवसाचे सरासरी सहा रोगी. लावणीनंतर जास्त, आणि कशेडी घाटात दरड आली की अडकलेले ट्रकवाले कंबर धरून वर यायचे तेव्हा तर एका दिवसाच्या तेवीस रेघा होत्या. सहा गुणिले बारा, बहात्तर. रोगी दिवसाला साठ पितो, तीन दिवस. तू बहात्तर, तीनशे पासष्ट दिवस. एका वर्षात एकशे सेहेचाळीस रोग्यांचं औषध तू एकटीने प्यायचीस. तुझं वजन मी अंदाजे पंचेचाळीस किलो धरलं. त्या वजनाला मात्रा मांडली तर तू मध्यम गटाच्या जवळ येत होतीस. उंदराचा हिशेब माणसाला सरळ लागू पडत नाही, हे मला माहीत आहे. पण दुसरा हिशेब माझ्याकडे नव्हता. आणि टोप तुझ्याकडे येऊन बावीस वर्षं झाली होती. पुढचा गुणाकार मी केला नाही.

मी हे सगळं तुला ओट्यावर बसून सांगितलं. तू तांदूळ निवडत होतीस.

"मंग आता?"

"आता घोट बंद."

"नि लोकांना?"

"लोकांना तीन दिवस चालतं. तुला चालत नाय."

"म्हंजे मी पिणार नाय नि लोकांना पाजू?"

"नुसतं ओठाला लाव नि सोड."

तू सूप खाली ठेवलंस. "खोटं पिऊ? धोंडू, माझ्या सासूनं खोटा घोट घेतला असता तर आज या दारात कोण आलं असतं?"

मी म्हटलं, मग सकाळी सगळ्यांचा मिळून एकच घे. ते तू कबूल केलंस. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात वरच्या आळीची एक बाई आली, कंबरेवर हात, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. तू तिला वाटीभर काढा ओतून दिलास. ती पेला धरून उभीच राहिली. तू म्हणालीस, "पी गो. सकाळी घेतला मी." ती म्हणाली, "हां, पिते की," आणि प्यायली नाही. तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वाईट बाई नव्हती. तिला घरी तसंच सांगून पाठवलेलं होतं.

तू माझ्याकडे बघितलंस. मी हातात ती काचेची नळी धरून उभा होतो. मग तू पळी टोपात घातलीस आणि प्यायलीस.

तेव्हा मी टोप लाथेने उडवायला हवा होता. निदान ओरडायला हवं होतं. मी मनात म्हटलं, बारा.

नंतर डॉक्टर झाले, महाडचे, मग मुंबईचे. मुंबईच्या इस्पितळात तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई दारू पितात का?" मी माझा कागद पुढे केला. त्याने नीट वाचला, हे खरं सांगतो. म्हणाला, "शक्य आहे. पण काविळीची आणखी दहा कारणं असतात. पाण्यातूनही होते. सिद्ध कसं करणार?" तो बरोबरच बोलत होता. तू एकटी होतीस. तुझ्या शेजारी नुसतं पाणी पिणारा गट नव्हता. मीच तुला प्राणीगृहात सांगितलं होतं, तो गट नसला की कशाने झालं ते सांगता येत नाही. म्हणून मला आजही ठामपणे म्हणता येत नाही की काढ्यानेच तू गेलीस. आणि नाही असंही म्हणता येत नाही. माणसं म्हणतात, धोंडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून घेत नाही. मला फक्त उत्तर येत नाही.

शेवटच्या आठवड्यात पोट फुगलं होतं, हात काटक्या झाले होते. मी तुझ्या उशाशी बसून म्हणालो, "बरी होशील गो. पंधरा दिवसांत घरी."

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "परत म्हण."

मला परत म्हणता आलं नाही.

मग थोड्या वेळाने तू विचारलंस, "माझ्या घोटाचं लिहिलंस काय तुझ्या वहीत?" मी म्हणालो, ती वही कंपनीची, फाइल बंद झाली. तू म्हणालीस, "उंदरांचं लिहिलंस ना पण?" त्यात टोमणा नव्हता. तुला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी हो म्हणालो. तू म्हणालीस, "बरं केलंस. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी आपल्या मनानं प्याले."

हे वाक्य तू माझ्यासाठी बोललीस की तुझ्यासाठी, हे विचारायचं राहिलं.

आज सकाळी सुनंदाकडे आलो होतो. ओट्यावर बसलो असताना खालच्या वाडीतली एक बाई आली. तू गेल्याचं तिला माहीत नव्हतं. कळल्यावर ती मटकन बसली, रडली, आणि मग कंबर धरून तिला उठता येईना. सुनंदा आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला. ती टोप घेऊन आली. तुझी साल शिंकाळ्यात होती, तिने उकळून ठेवली होती. येणाऱ्यांना परत कसं पाठवू, म्हणाली.

मी त्या बाईला समजावायला बसलो. तीन सकाळी घेतलंस तर भीती नाही, चाळीस उंदरांवर पाहिलेलं आहे, चौथी मात्र घ्यायची नाही. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "ते मला नाय कळत दादा. आधी कोण पितं तेवढं सांगा."

सुनंदाने पळी उचलली. तिचं वय एकतीस. तिच्यापुढे तुझ्याइतकीच वर्षं आहेत. मी तिचा हात धरला आणि पळी काढून घेतली. नळी पिशवीत होतीच. बारा सीसी मोजले आणि त्या बाईसमोर प्यायलो. कडू असतं हे मला माहीत होतं, पण जीभ इतका वेळ बधिर राहते हे माहीत नव्हतं. तीस उंदरांना रोज पाजून मला ते कधी कळलं नव्हतं. ती बाई प्यायली आणि गेली. उद्या आणि परवा परत येणार आहे. मी उद्या कामावर असेन. उद्याचा घोट कोण घेणार, हे सुनंदाला विचारायचा मला धीर झाला नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर माझं नाव, वजन बासष्ट किलो, घोट एक, बारा सीसी. त्याच्या वर एक ओळ तुझ्यासाठी मोकळी सोडली होती, ती आत्ता भरली. नाव लिहिलं. रोजचे सहा घोट लिहिले. बावीस वर्षं लिहिली. वजनाच्या रकान्यात पंचेचाळीस लिहून पुढे 'अंदाजे' लिहावं लागलं. दोनशे ग्रॅमच्या उंदरांचं वजन मी नव्वद दिवस रोज सकाळी केलं, आक्का. तुझं एकदाही केलं नाही.